वरची धार

रिकाम्या बाटलीत पाणी पडू लागलं की आधी एक जाड, पोकळ, घशातला आवाज येतो. पाणी जसजसं वर चढतं तसतसा तो निमुळता होत जातो, आणि गळ्याशी पोचता पोचता इतका बारीक, इतका उत्सुक होतो की ऐकणाऱ्याची मान नकळत उंच व्हावी. नसीमबाईंची आठवण मला अशी, चढत्या स्वरात येते. पौषातलं कोवळं ऊन, तिसरीचा वर्ग, डोळे घट्ट मिटून बसलेली अकरा मुलं, आणि त्यांच्या मधोमध उकिडव्या बसून तांब्यातून बाटलीत संथ धार सोडणाऱ्या बाई. बाटली भरली असं वाटेल त्या क्षणी हात वर करायचा, एवढाच खेळ. सुरुवातीला काही हात पाण्याच्या फार आधीच उगवत, काही बाटली सांडून जमीन भिजल्यावर. पंधरा दिवसांत मात्र गव्हाच्या वाफ्यावरून एकच झुळूक फिरावी तसे ते अकरा हात एका श्वासात वर येऊ लागले. मीही एकदा दाराशी उभा राहून, डोळे मिटून, मोठ्या आत्मविश्वासानं हात वर केला होता. डोळे उघडले तेव्हा बाटली अर्धीच होती आणि अकरा मुलं माझ्याकडे पाहत होती.

खोडदजवळच्या एका वस्तीवर आमची ही दोन शिक्षकांची शाळा. मी मुख्याध्यापक; म्हणजे कुलूप माझं, किल्ली माझी, आणि ती हरवली की शोधायचीही मीच. चौथी-पाचवी माझ्याकडे, पहिली ते तिसरी बाईंकडे. बाई जुन्नरहून स्कूटीवर येत. अंगानं लहानखुऱ्या, चालणं पावलांचा आवाज न करणारं, पण बोटं मात्र सदैव कशाच्या तरी काठावरून फिरत असलेली. ग्लास असो, डबा असो, खडूची पेटी असो. हातात घेतलेल्या वस्तूच्या कडेवरून अंगठा एकदा गोल फिरवायचा, बुडाला नखानं टिचकी मारायची, क्षणभर ऐकायचं, मगच ती खाली ठेवायची. त्यांचे वडील जुन्नरात पत्र्याचं काम करायचे. रॉकेलची मापं, नरसाळी, चाळण्या. ‘आमच्या घरात अंगाई नव्हती सर, ठोकाठोकी होती,’ असं त्या एकदा म्हणाल्या होत्या, आणि त्या ठोक्यांची एक दूरची लय त्यांच्या साऱ्या हालचालींत मुरलेली होती.

वाचायची त्यांची रीतही न्यारी. म्हणजे पुस्तक नव्हे, पाणी वाचायची. शाळेच्या साहित्यात आलेलं लिटरभराचं एक पारदर्शक मोजपात्र होतं. ते टेबलावर ठेवून बाई गुडघ्यांवर बसत, गाल जवळजवळ टेबलाला टेकवत आणि एक डोळा मिटून पाण्याच्या पातळीला आपली पातळी आणत. खिडकीतलं ऊन त्या पात्रातून आरपार जाई आणि त्यांच्या कपाळावर एक थरथरता सप्तरंगी कवडसा उतरे. मुलांनाही त्या तसंच बसवत. ‘पाणी कडेला जरा चढतं आणि मधे बसतं,’ त्या हळू आवाजात सांगत. ‘चढलेलं वाचायचं नाही. बसलेलं वाचायचं.’ मी वीस वर्षं हे एकक शिकवत आलो होतो. हजार मिलिलिटर म्हणजे एक लिटर, पाच वेळा लिहा, झालं. पाणी कुठं चढतं आणि कुठं बसतं याची मी कधी विचारपूस केली नव्हती.

माझ्या ज्ञानाची खोली किती, तेही याच काळात मोजलं गेलं. आमच्या खिडकीतून खोडदच्या अवाढव्य रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या दिसतात, शेतांवर उभ्या राहून आभाळाकडे तोंड केलेल्या. चौथीतल्या एकानं विचारलं, ‘सर, त्या वाटीत किती लिटर पाणी मावंल?’ प्रश्न ऐकून मी फुललो. व्यास धरला, खोली धरली, सूत्र मांडलं, आणि उत्तरातली शून्यं फळा संपला म्हणून भिंतीवर काढू लागलो. शेजारच्या वर्गातून बाई आल्या. खिचडीवाल्या मावशींकडून चहाची गाळणी आणली, ती तबकडीसारखी आभाळाकडे धरली आणि तिच्यात पेलाभर पाणी ओतलं. पाणी माझ्या पायांवर पडलं. तेव्हा कुठं मला, चौदा वर्षं त्या खिडकीशी डबा खाणाऱ्या माणसाला, दिसलं की त्या तबकड्या जाळीच्या आहेत. पलीकडचं आभाळ त्यांच्यातून स्वच्छ दिसतं. मुलं हसली, मीही हसलो. माझ्यावर हसणं सोपं असतं, मला त्याचा सराव आहे. दुसऱ्यावर हसताना मात्र माझा हात नेहमी सैल सुटतो, आणि ही गोष्ट त्याचीच आहे.

बाईंनी तिसरीला सांगितलं की घरात ज्यानं काही पातळ मोजतात ते भांडं उद्या घेऊन या. दुसऱ्या दिवशी वर्गात घरोघरचा संसार अवतरला. खोकल्याच्या औषधाची टोपणं आली, आमटीची पळी आली, कांद्यावर फवारायच्या औषधाचं एक झाकण आलं, ते बाईंनी नुसतं दुरून दाखवून, पिशवीत गुंडाळून परत धाडलं. आणि गौरी आपल्या वडिलांचं दुधाचं माप घेऊन आली. लांब दांडीचं, ॲल्युमिनियमचं, अर्ध्या लिटरचं. सकाळचा रतीब घालून झाल्यावर तिनं ते धुऊन, फडक्यात बांधून आणलं होतं आणि देव्हाऱ्यातली मूर्ती उचलावी तसं दोन्ही हातांनी ते बाहेर काढलं. तिचे वडील बबनभाऊ मोटरसायकलला किटल्या लावून नारायणगावात घरोघर दूध घालतात. माझ्याही दारात घालतात. त्या मापाचा तिला केवढा अभिमान! इतरांची भांडी घरात मोजत होती, तिचं भांडं गावाला मोजत होतं.

वर्गाचा नियम होता, ज्याचं भांडं त्यानं वाचायचं. गौरीनं माप काठोकाठ भरलं, मोजपात्रात ओतलं, गुडघ्यांवर बसली, डोळा मिटला. ‘चारशे साठ!’ तिनं आनंदानं जाहीर केलं. तिला काय ठाऊक, तिनं काय वाचलंय ते. बाईंनी माप हातात घेतलं, अंगठा काठावरून फिरला, बुडाशी थांबला. बुडाला आतल्या बाजूनं पोचा होता. बाहेरून वाटीसारखा खळगा, आतून टेकडीसारखा उंचवटा. त्या काही बोलणार, इतक्यात नेमका मी दारात. हजेरीपट न्यायला आलो होतो. तो घ्यावा आणि जावं. पण नाही.

‘काय गं गौरे,’ मी गरजलो, ‘तुझ्या बापानं लिटर बारीक केला की काय? तरीच म्हटलं माझा चहा रोज काळा का होतो!’

वर्ग खदाखदा हसला. पहिलीतली, ज्यांना लिटर आणि बारीक यांतलं काहीही कळत नव्हतं, तीही हसली. गौरी आधी सगळ्यांबरोबर हसली. मग हसू तिच्या ओठांवर तसंच राहिलं आणि डोळ्यांतून मात्र निघून गेलं, दिवा काढून नेल्यावर कोनाडा उरावा तसं. तिनं माप फडक्यात बांधलं. गाठ दोनदा सुटली.

‘सर,’ बाई म्हणाल्या, ‘तुम्ही जरा वर्गाबाहेर थांबता का?’

मी थांबलो. हजेरीपट न घेता, माझ्याच शाळेच्या व्हरांड्यात, शिक्षा झालेल्या पोरासारखा.

दुसऱ्या दिवशी गौरी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. वर्गात तिच्या जागेवर उन्हाचा एक चौकोन बसून राही आणि मधल्या सुट्टीपर्यंत सरकत भिंतीला जाऊन लागे. कुणीतरी बातमी आणली की ती म्हणते, शाळा नको, मामाच्या गावाला जाते. माझ्या दारात दूध येई, पण बबनभाऊ पातेल्याकडे पाहत ओतत आणि माझ्याकडे न पाहता जात. दाढीला लावलेला साबण तसाच ठेवून मी दोनदा दार उघडलं, माफीचं वाक्य जुळवलं, आणि दोन्ही वेळा म्हणालो, ‘थंडी आहे आज, नाही का?’

बाई मात्र तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर गौरीच्या घरी गेल्या. काय बोलल्या ते मला ठाऊक नाही. चौथ्या दिवशी परिपाठ संपतो न संपतो तोच मोटरसायकल शाळेच्या आवारात शिरली. पुढे बबनभाऊ, मागे गौरी, आणि तिच्या मांडीवर ते माप.

‘बाई,’ बबनभाऊ दारातूनच बोलले. नजर माझ्यावर होती, शब्द बाईंना होते. ‘तुमी घरी आलात म्हणून आलो. माझ्या मापाला हासत्यात म्हणं हितं. पडलंय माप, पोचा आलाय, मी नाय म्हणत न्हाई. पण आमी वरची धार घालतो का न्हाई? माझ्या बापापासनं धार घातल्याबिगर पातेलं सोडलं न्हाई आमी. ती मोजली का कुणी?’

खरं होतं. आमच्याकडचा दूधवाला माप ओतून झालं की किटलीत ते पुन्हा जरासं बुडवतो आणि पातेल्यात वरून एक धार सोडतो. तिला भाव नाही, वहीत जागा नाही; ती म्हणजे दूध घालणाऱ्याचा मोठेपणा. ती धार पडल्याशिवाय बाया पातेलं उचलत नाहीत. मी जन्मभर ती धार पिऊन मोठा झालो, पण मोजपात्रात तिला कुणी उभं केलं नव्हतं.

‘बरोबर आहे तुमचं,’ बाई म्हणाल्या. ‘धार राहिलीच मोजायची. या आत. दारात घालता तसंच घाला, कमी नको, जास्त नको.’

‘आन् वाचणार कोण?’

‘माप ज्याच्या घरचं, तो.’

बबनभाऊंनी मुलीकडे पाहिलं. गौरीनं जमिनीकडे. मी बाईंच्या कानाशी जाऊन कुजबुजलो, ‘दुसऱ्या कुणाला वाचू द्या ना, पोरीवर कशाला?’ बाई तितक्याच हळू म्हणाल्या, ‘पहिलं तिनंच वाचलंय सर. दुसरंही तिचंच आहे.’

बादलीत पाणी होतं. बबनभाऊंनी बाह्या सारल्या, आणि पाहता पाहता तो वर्ग त्यांचा झाला. माप बुडालं, निथळलं, पातेल्यात उलटलं. मग मनगटाला एक सवयीचा, देखणा झोल आला, आणि वरून बारीक, लांब, चकाकती धार उतरली. इतका सुंदर हात मी रोज सकाळी दाढीच्या साबणाआडून पाहत होतो आणि मला तो दिसला नव्हता. बाईंनी पातेल्यातलं पाणी नरसाळ्यानं मोजपात्रात घातलं. ते हिंदकळलं, कडेवर चढलं, उतरलं, मधे बसू लागलं.

गौरी गुडघ्यांवर बसली.

आता मला काही सुचलं नसतं तर किती बरं झालं असतं! पण मी बबनभाऊंच्या पाठीमागे सरकलो आणि गौरीला दिसेल असा पंजा पसरला. पाच बोटं. पाचशे म्हण बाळ. कुणाचं काय जातंय? बाईंनी मान न वळवता माझ्या हातात बादली दिली.

‘सर, एवढी भरून आणता?’

बादली भरलेलीच होती. भरलेली बादली भरायला मी निघालो आणि उंबऱ्यात उभा राहिलो.

गौरीनं एक डोळा मिटला. कवडसा तिच्या कपाळावर थरथरत होता. तिनं एकदा वडिलांकडे पाहिलं, एकदा पाण्याकडे. बाहेर कुठंतरी कांद्याच्या वाफ्यात पाणी सोडलं होतं, त्याची खळखळ येत होती. किती वेळ गेला, ते मोजायला त्या खोलीत काहीही नव्हतं.

‘चारशे नव्वद,’ गौरी म्हणाली.

‘परत बघ, बाळा,’ बबनभाऊ हळूच म्हणाले.

तिनं परत पाहिलं. गाल टेबलाला टेकला. ‘नव्वदच हाय, पप्पा.’

कुणी हसलं नाही. माझ्या हातातली बादली तेवढी थोडी सांडली. मग पहिल्या रांगेतला एक आकडेबाज म्हणाला, ‘बाई, म्हंजे धार तीसची व्हती!’

‘तीसच?’ बबनभाऊ बसकरावर टेकले. आपला हात उलटासुलटा करून पाहू लागले, जणू तो पहिल्यांदाच भेटत होता. ‘मला वाटायचं, लई देतो मी.’

त्या वाक्यात राग नव्हता, शरम होती का तेही सांगता येणार नाही. होतं ते नवल. स्वतःच्या उदारपणाला तळ असतो हे कळल्यावर माणसाच्या चेहऱ्यावर येतं तसं, निखळ. थोड्या वेळानं त्यांनी माप बाईंपुढे धरलं. ‘घरी म्हणालात ना, तुमच्या वडलांचं हेच काम व्हतं? काढा मग त्यो पोचा.’

बाईंनी मुलांचा विटी-दांडूतला दांडू मागितला, त्याचं गोल टोक मापात उतरवलं, आणि वरून एका गुळगुळीत दगडानं ठोकू लागल्या. जोर नव्हता, लय होती. टक, टक, मग माप किंचित फिरवायचं, पुन्हा टक. एरवी पावलांचा आवाज न करणाऱ्या त्या बाईंतून कुठल्याशा जुन्या दुकानाची दुपार ऐकू येऊ लागली. ओढणी कमरेला खोचलेली, ओठ मिटलेले, कान मापाला लावलेला. प्रत्येक ठोक्यागणिक पत्र्याचा सूर मोकळा होत गेला. बुडाची टेकडी हळूहळू मैदान झाली.

‘घाला आता,’ त्या म्हणाल्या.

बबनभाऊंनी माझ्या हातातल्या बादलीतून माप भरून ओतलं, आणि मनगटाला पुन्हा तो झोल आला. वरची धार. गौरीनं वाचलं, ‘पाचशे तीस.’ या वेळी तिच्या आवाजाला चढ होता.

‘अहो, आता धार नाही घातली तरी चालेल,’ बाई म्हणाल्या.

‘नाय बाई,’ बबनभाऊ हसले, ‘हात ऐकत न्हाई.’ आणि जाता जाता, त्या दिवशी पहिल्यांदाच माझ्याशी थेट बोलले, ‘सर, उद्यापास्नं चहा गोरा झाला न्हाई, तर भुकटी कमी टाका.’ वर्ग हसला. मी बादली खाली ठेवली आणि मनापासून हसलो. मला स्वस्तात सोडलं होतं.

एक कुतूहल मात्र मला स्वस्थ बसू देईना. पोचा पडून आलेला की पाडलेला? पत्र्यावर वाढलेल्या माणसाला हे कळत असणार. मी आडून विचारलं, उभं विचारलं, चहा पाजून विचारलं. एकदा बाई म्हणाल्या, ‘पत्रा सांगतो सर. मला त्या दिवशीच सांगितलं.’

‘मग?’

‘मग काही नाही. त्यानं मला सांगितलं, तुम्हाला नाही.’ आणि पुन्हा त्यांचा अंगठा माझ्या चहाच्या कपाच्या काठावरून फिरू लागला.

पुढच्या बदल्यांत बाई आंबेगाव तालुक्यात गेल्या, पारगावच्या बाजूला, जिथं हंगामात उसाच्या फडावरची मुलं काही महिने वर्गात येतात आणि पाखरांसारखी उठून जातात. त्यांच्या जागी कुणी येईपर्यंत पहिली ते तिसरीही माझ्याकडेच आली. मी गुडघ्यांवर बसतो, गुडघे कुरकुरतात. मुलं डोळे मिटतात, मी धार सोडतो, आणि माझी बाटली हमखास सांडते, कारण ऐकायच्या ऐवजी मी कुठलासा जुना आवाज आठवत असतो.

गौरी आता पाचवीत, माझ्याच वर्गात आहे. अलीकडे एका मधल्या सुट्टीत मी तिला विचारलं, ‘त्या दिवशी पाचशे म्हणावंसं नाही वाटलं गं तुला? मी पंजा दाखवत होतो.’

‘वाटलं व्हतं की सर,’ ती भाकरी मोडत म्हणाली. ‘तुमचा पंजा बी दिसला व्हता. पण पाणी तिथंच थांबलं व्हतं ना.’

एवढं सांगून ती खेळायला पळाली. मी मोजपात्र धुऊन खिडकीत उपडं ठेवलं. ओतून झालेल्या भांड्याला आपण रिकामं म्हणतो, निथळू देतो, विसरूनही जातो. पण आतल्या भिंतीला एक पातळ ओल चिकटून राहते, ऊन कलतं झालं की तेवढ्यापुरती उजळते, आणि काळ माणसांना कितीही सावकाश, कितीही शेवटापर्यंत ओतून घेऊन गेला, तरी त्या मागे राहिलेल्या ओलीसाठी कुठल्याही पात्रावर रेघ कोरलेली नसते.